वहीत न बसणारी दाढ

कर्जाचं एक बरं असतं, ते तारीख सांगून येतं. पाच तारखेला बँकेचा हप्ता, दहाला पतसंस्थेचा, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भिशी, दर तीन महिन्यांनी सोनेतारणाचं व्याज. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादश्या आणि संकष्ट्या छापून आलेल्या असतात, त्यांच्या कडेला माझ्या पेन्सिलीनं हे सगळं टिपलेलं असतं. पगार एक तारखेला झाला तर पाच तारीख सोपी जाते. लांबला तर मधले दिवस घरात कुणाशी फार बोलू नये असं वाटतं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्नच्या वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. फौंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, त्या साच्याला आकार देणारा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना म्हणजे पॅटर्न. मालक, बोटांवर मोजण्याइतके कारागीर आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी. नवऱ्याचा शाहूपुरीत छापखाना आहे. छापखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि मागं कागदाची थप्पी. बिलबुकं, तरुण मंडळांची पावती पुस्तकं, लग्नपत्रिका, निवडणूक लागली तर हँडबिलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि ती पंचावन्नच्याही वर गेली, तेव्हा दुकानात पाणी शिरलं. असा पूर जन्मात एकदाच येतो, असं ज्याला त्याला सांगत आम्ही चिखल उपसला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. कुंभार गल्लीत गणपतीच्या कच्च्या मूर्ती विरघळल्या, आमच्याकडं कागदाची रिमं फुगून एकमेकांना चिकटली आणि मशीनची मोटर गेली. पोरांनी पंप लावून पाणी काढलं, कुणी कुणी धान्याची किट आणून दिली, सरकारी मदतही आली. कोल्हापूर अशा वेळी माणसाला एकटं पडू देत नाही. पण नवं मशीन बँकेच्याच पैशांनी घ्यावं लागलं. पहिल्या पुराचं कर्ज अजून फिटायचं होतं, त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं बसलं. बँक, पतसंस्था, गहाण टाकलेली बोरमाळ आणि पाटल्या, शिवाय नणंदेच्या यजमानांनी दिलेले हातउसने, ज्याचा कुठंही कागद नाही.

एवढं सगळं चार वर्षं रेटत आणलं होतं. वहीत शेवटचा हप्ता कधी पडणार तेही लिहून ठेवलं होतं. आणि गेल्या हिवाळ्यात डाव्या बाजूची खालची दाढ उठली.

उठली म्हणजे त्या दिवशीच उठली असं नाही. गार पाणी लागलं की शिणक यायची. त्यावर आमच्याकडं सगळ्यांजवळ औषध असतं. लवंग धर, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या कर, पेरूचा पाला चाव. मेडिकलवाल्याला नुसतं गालाकडं बोट दाखवलं तरी तो गोळी काढतो, विचारतसुद्धा नाही. सासूबाईंचं मत सगळ्यांत सोपं. त्यांनी उभ्या जन्मात मिश्रीशिवाय दाताला काही लावलं नाही आणि आता पुढचे चार सोडले तर तोंडात फार काही उरलेलं नाही. भाकरी आमटीत चांगली भिजू देतात आणि मग खातात. त्या म्हणाल्या, "काढून टाक जा. एका दातानं काय हुतंय? बत्तीस हायत."

त्यांच्या बोलण्यात एक हिशेब आहे, आणि तो चुकीचा असला तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. दात दुखला की काढायचा. काढायला पैसे कमी लागतात, एका बैठकीत होतं, आणि पुन्हा दुखत नाही. गावाकडं अजून पन्नाशीच्या आतबाहेरची कितीतरी माणसं एका बाजूनं जेवताना दिसतात. त्यांना विचारलं तर ती दात पडले म्हणतात, काढले म्हणत नाहीत. जणू पिकलं पान गळावं तसे आपोआप गेले.

मला ठणका लागला तो रात्री. ज्याला लागलाय त्याला सांगायला नको, ज्याला लागला नाही त्याला सांगून कळत नाही. आडवं झालं की वाढतो, म्हणून मी स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी नंतर ठणक्याचं कारण सांगितलं. दाढेच्या पोटात नस असते, मऊ, रक्तवाहिन्यांसकट. कीड तिथवर पोचली की ती सुजते. शरीरात दुसरीकडं कुठं सूज आली तर कातडी ताणते, इथं चहूबाजूंनी कठीण भिंत. सुजायला जागाच नाही. म्हणून तो ठणका असा डोक्यापर्यंत जातो. पुढचं त्यांनी सांगितलं ते मला जास्त भीतीचं वाटलं. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणं आपोआप थांबतं. माणूस म्हणतो, बरं झालं, देवाला काळजी. आत मुळाच्या टोकाशी मात्र पू साठत राहतो आणि हाड खात राहतो.

राजारामपुरीत दातांचे दवाखाने एवढे आहेत की मिसळीची दुकानं कमी पडावीत. मी गेले ते एका मैत्रिणीच्या ओळखीनं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. छोटा एक्स-रे काढून त्यांनी तो पडद्यावर मोठा करून दाखवला आणि कागदावर आकडे लिहिले. रूट कॅनॉल, म्हणजे सुजलेली नस काढून मुळं साफ करणं, साडेचार हजार. वर कॅप, धातूची अडीच हजार, सिरॅमिकची पाच, झिरकोनियाची नऊच्या पुढं. शेजारच्या दोन दातांत भरणी. मागची अक्कलदाढ आडवी आलेली, ती आज ना उद्या काढावी लागेल, तिचे वेगळे. बेरीज मी त्यांच्याआधी केली. सवय आहे. सगळं धरून माझ्या एका पगाराच्या आसपास जात होतं.

मी विचारलं, नुसती काढली तर?

"ताई, काढायला आत्ता हजार-बाराशे लागतील," त्या म्हणाल्या. "पण ही चावायची मुख्य दाढ आहे. ती गेली की शेजारची त्या जागेत कलते, वरची खाली उतरते. मग इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला दात म्हणालात तर पंचवीस-तीस हजार. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दात म्हणालात तर दोन्हीकडचे चांगले दात घासून बारीक करायला लागतात."

म्हणजे वर्षापूर्वी शिणक येत होती तेव्हा आठशे रुपयांची भरणी, आता दहा हजार, आणि आता टाळलं तर पंचवीस. पतसंस्थेच्या कर्जाला एवढा दर नाही. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की शरीर ते परत बांधत नाही. हाड मोडलं तर सांधतं, कातडी भरून येते, दाताला ती सोय नाही. त्यामुळं इथं थांबण्यात फायदा कधीच नसतो. आमच्या धंद्यात जुनी येणी कधीकधी थांबून वसूल होतात, भावात फरक पडून माल सुटतो. किडलेला दात थांबून कधी सुटत नाही.

आता पैसे. आणि इथंच मला एक गोष्ट नीट दिसली, जी आधी नुसती जाणवायची. आपल्याकडं दात हा आजारात धरतच नाहीत.

बघा ना. आमची आरोग्य विम्याची पॉलिसी आहे, कर्जातसुद्धा ती मी बंद पडू दिली नाही. तिच्यात अपघातानं दात तुटला तर वेगळी गोष्ट, नाहीतर दातांचे उपचार वगळलेले. बहुतेक पॉलिसींत असंच असतं. सरकारी जनआरोग्य योजनेचं कार्ड आहे, ते दवाखान्यात भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी. कर्मचारी विमा योजना, म्हणजे ईएसआय असतं तर दातांचे उपचार तिथं झाले असते, पण ती योजना कारखान्याला लागू व्हायला किमान दहा माणसं लागतात. आमच्या वर्कशॉपमध्ये तेवढी नाहीत. म्हणजे माझ्या एवढ्या कागदांत माझं काळीज, माझी किडनी, माझा गुडघा कुठं ना कुठं बसतो. तोंड बसत नाही.

कागदांचं सोडा, माणसांचंही तेच. कागलकडं माझा भाऊ आहे, त्याचा ऊस असतो. गळीत सुरू झालेलं, त्याचं पहिलं बिल जमा झालं होतं. मी फोन केला. दादा म्हणाला, "किती पायजेत सांग, उद्या सोडतो. पर ऐक, तुझ्या वहिनीला दाताचं म्हणू नगंस. डोळ्याचं ऑपरेशन हाय म्हण."

मला हसू आलं आणि गाल दुखला म्हणून ते आवरावं लागलं. दादाचं खरंच होतं. डोळ्यासाठी म्हटलं की वहिनी काळजीनं विचारपूस करणार, एखादी भाजीची पिशवी पाठवणार. दातासाठी म्हटलं की मनात म्हणणार, डोक्यावर एवढं कर्ज आणि हिला कॅप बसवायचीय. गल्लीत कुणाचं बायपास ठरलं तर मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरतात. त्यातली काही पुस्तकं आमच्याच दुकानात छापली आहेत, नफा न घेता. रूट कॅनॉलसाठी कुणी पावती पुस्तक छापलेलं मी पाहिलं नाही. ज्याच्यावर कर्ज आहे त्यानं आजारीही पडावं ते लोकांना पटेल असं. हृदय पटतं, अपघात पटतो, बाळंतपण पटतं. दात म्हणजे शौक, नटणं, हसताना बरं दिसावं म्हणून केलेली उधळपट्टी. आणि हे फक्त वहिनीच्या मनात असतं असं कशाला म्हणू? पगार झाला की मी मनात जी यादी लावते, काय आत्ता आणि काय नंतर, त्यात दात चपलांच्याही खाली होता.

दादाचे पैसे मी घेतले नाहीत. खोटं बोलायचं नव्हतं असं मोठेपण त्यात नाही. त्याला गावच्या सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं, ऊसबिल त्यासाठीच येतं, आणि भावाकडून घेतलेले पैसे माहेरी जाताना दरवेळी पिशवीत बरोबर येतात.

मग बाकीचे रस्ते एकेक करून तपासले. त्यातलं बरंचसं सगळ्यांनाच माहीत असतं, तरी दुखणं लागल्यावर ते आठवत नाही, म्हणून इथं लिहिते.

दवाखान्याच्या काउंटरवर एक पाटी होती, बिनव्याजी हप्त्यात उपचार. त्यामागं फायनान्स कंपनी असते. व्याज नाही हे कागदावर खरं, पण प्रोसेसिंगचे पैसे आणि त्यावरचा जीएसटी असतो. आणि रोख दिले असते तर डॉक्टरांनी जे चार-पाचशे कमी केले असते ते कमी होत नाहीत. फरक मोठा नसतो, पण तो असतो, आणि एक हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, तो चुकलेला दिसतो. मोबाइलवर कर्ज देणाऱ्यांचे मेसेज तर त्या आठवड्यात असे येत होते, जणू माझा एक्स-रे त्यांनाही दाखवला होता. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यांना नियम लावले, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत, सगळा खर्च आधी एका कागदावर दाखवला पाहिजे, आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. तो कागद मागितला की खरा दर कळतो. मी मागितला, आणि वाचून फोन बाजूला ठेवला.

क्रेडिट कार्ड नवऱ्याकडं आहे, कागदवाल्यांची बिलं त्यावर जातात. त्याचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला चाळीसच्या पुढं. दर महिन्याला 'किमान रक्कम' म्हणून जो छोटा आकडा येतो तो भरला की माणसाला वाटतं निभावलं. ते कर्ज तसंच राहतं.

सोनं गहाण आहे त्या बँकेतून तर आपण होऊनच फोन येत होते. सोन्याचा भाव २०२५ मध्ये एवढा वाढला की आमची बोरमाळ गहाण पडल्या पडल्या श्रीमंत झाली. "मॅडम, त्याच दागिन्यांवर वाढीव कर्ज बसतंय, सही करून जावा." आणि त्यात खोटं काही नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी जूनमध्ये अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारणाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा जाहीर केली, आधी ती ७५ होती. नवऱ्याचं म्हणणं, घेऊन टाकूया, दाढ बी हुईल आणि कागदाची उधारी बी फिटंल. मला तेच नको होतं. दाताच्या दहा हजारांसाठी उघडलेल्या दारातून पन्नास हजार आत येतात. आणि भाव खाली आला तर काय, हे फोन करणारा माणूस सांगत नाही.

खासगी सावकाराचं नाव एका कारागिरानं सुचवलं, चांगल्या मनानंच. महिना दहा टक्के. परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणं २०१४ च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. रात्री दोन वाजता ठणका लागलेल्या माणसाला कायदा आठवत नाही, म्हणून तर तो धंदा चालतो.

दसरा चौकाजवळ सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, तिथं दंतविभाग आहे. पैशाची अगदीच सोय नसेल तर पहिलं पाऊल तिकडं टाकावं, निदान पू आणि सूज अंगावर काढू नये. जिल्ह्यात वारणेच्या बाजूला, नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे, सांगलीतही आहेत. अशा ठिकाणी शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. पैसे कमी, वेळ जास्त. लोक 'पोरं शिकतात आपल्या तोंडावर' म्हणून नाक मुरडतात. पण शिकणाऱ्याचं काम पायरीपायरीला तपासलं जातं, ही गोष्ट आमच्या पॅटर्नच्या धंद्यात रोज बघते म्हणून मला त्याची धास्ती नाही. मला अडचण वेगळी होती. मुळांची सफाई दोन-तीन बैठकांत होते, दरवेळी अर्धा दिवस रजा आणि एसटीचं भाडं धरलं तर वाचलेल्या पैशातले बरेच तिथंच जात होते. ज्यांचं काम मोठं आहे, तीन-चार दात आहेत, किंवा ज्यांना दिवस मोकळा आहे, त्यांचा हिशेब नक्की उलटा पडेल.

शेवटी मी जे केलं ते फार हुशारीचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं की कर्ज आहे, हप्ते आहेत, महिन्याला तीन हजारांच्या वर जमणार नाही. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांच्या टेबलावर एक डायरी होती आणि त्यात माझ्यासारखी बरीच नावं असावीत, कारण त्यांनी विचारलं, "पगार का दूधबिल?" आपल्या भागात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी जमा होतं, उसाचं हंगामात, पगार महिन्याला. तिन्हींसाठी त्यांच्याकडं वेगळी सोय होती. मग त्यांनी कागदावरच्या कामांचे तीन भाग केले. दाढेची नस काढणं आत्ता, थांबायचं नाही. भरणी दोन-तीन महिन्यांत, लवकर केलेली बरी. अक्कलदाढ दुखत नाही तोवर नजर ठेवायची. पहिल्यांदा कागद बघितला तेव्हा एकच मोठा आकडा दिसत होता. आता त्याचे तुकडे झाले आणि त्यातला पहिला तुकडा मला पेलणारा होता.

पहिल्या बैठकीसाठी मालकांकडं उचल मागितली. उचल म्हणजे आमच्याकडं रोजचीच गोष्ट, कारागीर सणाला घेतात, शाळेच्या फीला घेतात. व्हाउचर मीच लिहिते. त्या दिवशी स्वतःचं लिहिताना कारणाच्या रकान्यात पेन थांबलं. मग 'दंतोपचार' असंच लिहिलं. मालकांनी सही करताना वाचलं आणि म्हणाले, "माझीबी एक हलतीया. कुठं गेलतीस?" ऑफिसात चहा येईपर्यंत लेथवरचे दोघं, रंगकाम करणारा पोरगा, सगळे आपापल्या तोंडात बोट घालून दाखवू लागले. एवढी दुखणी शेजारी बसून रोज काम करत होती आणि कुणी कुणाला बोललं नव्हतं.

उरलेल्यासाठी एक महिना कुठला तरी हप्ता मागं सारावा लागणार होता. कुठला? मोबाइलवर कर्जमुक्तीचे सल्ले देणारी तरुण मंडळी असतात. काही म्हणतात, जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडा. काही म्हणतात, सगळ्यांत लहान आधी संपवा म्हणजे हुरूप येतो. दोन्हींत तथ्य आहे. पण कुठला थांबवावा, असं कुणी सांगत नाही. बँकेचा चुकवला तर खात्यात पैसे नाहीत म्हणून बँक दंड लावते, वर कर्जखात्यावर वेगळा. पतसंस्थेचा चुकवला तर जामीनदाराला फोन जातो, आणि आमचा जामीनदार शेजारीच राहतो. भिशी चुकवायची तर गल्ली सोडून जावं लागेल. उरतात ते हातउसने. ज्यानं कागद केला नाही, व्याज घेतलं नाही, त्यालाच पुन्हा थांब म्हणायचं. घरोघरी हेच होत असणार. ज्यानं जास्त विश्वास टाकला, त्याचे पैसे सगळ्यांत शेवटी मिळतात.

मी नणंदेकडं गेले. वन्सं चुलीपाशी होत्या, त्यांचे यजमान बाहेर कट्ट्यावर. सांगताना मी वाक्य फिरवून फिरवून आणत होते. ते म्हणाले, "मी तारीख घातलीती काय तुमास्नी?" वन्सं आतून ओरडल्या, "दाताचं लांबवू नगंस, माझं लांबलं ते बघ," आणि बाहेर येऊन उजव्या बाजूची रिकामी जागा दाखवली. दहा मिनिटांत विषय संपून तांबडा रस्सा झाला. मला मऊ भात वाढला.

आता कॅपबद्दल, कारण खरी परीक्षा तिथं असते. नस काढली आणि त्याच आठवड्यात दुखणं गेलं. झोप लागली. दाढ भरून वरून तात्पुरतं सिमेंट बसवलेलं. काही जाणवत नाही, काही टोचत नाही. दुखणं थांबलं की पैसे दुखायला लागतात. कॅपचे पाच हजार आता कशाला, पुढच्या महिन्यात बघू, असं नवरा म्हणाला नाही, माझंच डोकं म्हणत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. नस काढताना दाढ आतून कोरली जाते, राहिलेल्या भिंती पातळ असतात, आणि आपण डाव्या बाजूनं शेंगदाण्याचा लाडू चावतो तो जोर त्या भिंतींवर येतो. उभी तडकली की मग काढण्याशिवाय उपाय नाही, आणि रूट कॅनॉलचे पैसेही गेले. त्यांच्याकडं असे लोक येतात. अर्धं काम करून घेतलेले, दुखणं थांबलं म्हणून न आलेले, वर्षानं तडकलेली दाढ घेऊन परत आलेले. यात निष्काळजी म्हणावीत अशी माणसं थोडी. बाकीच्यांच्या घरी त्या महिन्यात दुसरं काहीतरी दुखत असतं.

मी धातूची घेतली. मागची दाढ, दिसत नाही, आणि चावायला धातू मजबूत. झिरकोनिया चांगलं असेल, असू दे. कर्ज असताना प्रत्येक वस्तूतली सगळ्यांत स्वस्त घ्यावी असं माझं मत नाही. पण जिथं स्वस्त आणि टिकाऊ एकच असतं तिथं लाज कसली? मैत्रीण म्हणाली, जांभई दिली की चमकंल. चमकू दे.

चहाचं मात्र मनाला लागलं. वर्कशॉपमध्ये दिवसभर चहा येतो. ट्रान्सपोर्टवाला आला की चहा, गिऱ्हाईक आलं की चहा, आणि कोल्हापूरचा चहा म्हणजे तुम्हाला माहीत आहे किती गोड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर किती खाता यापेक्षा किती वेळा खाता हे महत्त्वाचं. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात, प्रत्येक घोटानंतर दाताचं कवच काही वेळ झिजत राहतं, मग लाळ ते सावरून घेते. लाळेला सावरायला वेळच मिळाला नाही तर कवच उघडं पडतं. गुळाच्या गावात राहून आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आता मी बिनसाखरेचा घेते. पोरगा चहा आणताना दरवेळी माझ्याकडं दया आल्यासारखं बघतो.

ऑफिसच्या वहीत आम्ही मार्चला तरतूद धरतो. मशीन मोडेल, एखादं येणं बुडेल, म्हणून नफ्यातून रक्कम बाजूला काढायची. कधी मोडेल माहीत नसतं, पण मोडणार हे माहीत असतं. घरच्या वहीत मी चार वर्षं एक पैसा तरतूद धरली नव्हती. येईल तो रुपया हप्त्याला, कारण लवकर फिटावं. त्या वहीत शेवटच्या हप्त्याची तारीख सुबक होती, आणि कुणाचा दात दुखला तर ती कोसळणार होती. या वर्षापासून महिन्याला पाचशे वेगळे पडतात, पोस्टात. त्यासाठी नणंदेच्या हातउसन्यांचा आकडा कमी केला, पुन्हा त्यांचाच. शेवटची तारीख काही महिन्यांनी पुढं गेली. नवऱ्याला ते आवडलेलं नाही. त्याला कर्ज कधी एकदा डोक्यावरून उतरतंय असं झालंय, आणि त्याचंही चूक नाही. मशीनसमोर तोच उभा असतो. कळंबा तलाव भरला की रात्री उठून रेडिओवर पाण्याची पातळी ऐकतो, तोही तोच. पाचशे रुपये बाजूला टाकणं त्याला हप्ता चुकवल्यासारखं वाटतं. आमचं यावरून भांडण होतं, मिटतं, पुन्हा होतं.

बोरमाळ यंदा सुटली नाही. व्याज भरून मुदत वाढवली. वैशाखात पुतणीचं लग्न आहे, तिथं मी महाद्वार रोडवर घेतलेली नकली घालणार. ओळखणाऱ्या ओळखतील.

परवा जेवताना बघितलं, नवरा भाकरी उजव्या बाजूनंच चावत होता. विचारलं तर म्हणाला, काय न्हाई, असंच. मोबाइलची बॅटरी लावून तोंड उघडायला लावलं. वरच्या दाढेत काळा ठिपका, अजून बारीक. म्हणाला, "मार्च होऊ दे, मग बघू." पोस्टाच्या खात्यात साडेतीन हजार आहेत. भरणीचे आठशे, तपासणीचे दोनशे. मी शुक्रवारी संध्याकाळी सातची वेळ घेतली आहे, आणि कॅलेंडरवर पेन्सिलीनं नाही, पेनानं लिहिली आहे. छापखाना त्या दिवशी अर्धा तास लवकर बंद करा म्हटलं, तर एका मंडळाची पावती पुस्तकं द्यायची आहेत म्हणाला. ती मी नेऊन देणार आहे.